शाईची कांडी आणि तिचा दगड : चित्राआधीच्या पंधरा मिनिटांचं परीक्षण

बाटलीतली काळी शाई झाकण उघडलं की तयार. कांडीची शाई दगडावर पाणी घालून दहा-पंधरा मिनिटं उगाळावी लागते, बोटं काळी होतात, आणि चित्र संपल्यावर दगड धुवत बसावं लागतं ते वेगळंच. तरीही कागदावर काम करणाऱ्या चित्रकाराने हा संच घ्यावा असं आमचं मत आहे, आणि शाईचा दर्जा हे त्याचं दुय्यम कारण आहे. कोऱ्या कागदासमोर बसल्यावरची पहिली वीस-पंचवीस मिनिटं बहुतेकांची फुकट जातात. हात चालत नाही, डोकं मागच्या कामात अडकलेलं असतं, आणि काढलेली पहिली रेघ आवडत नाही म्हणून कागद फाडला जातो. कांडी-दगड या वेळेला एक ठरावीक, कंटाळवाणं, हाताने करायचं काम देतो. ते उरकेपर्यंत बहुतेक वेळा मन चित्राशी येऊन बसलेलं असतं. नेहमीच असं होत नाही, आणि जेव्हा होत नाही तेव्हा दोष बहुधा दगडाचा तरी असतो, नाहीतर वापरणाऱ्याच्या सवयीचा.

वस्तू साधी आहे. काजळी आणि सरस एकत्र मळून, साच्यात दाबून वाळवले की कांडी होते. सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेला, सुतारकामात असायचा तोच. प्राणिजन्य पदार्थ नको असतील त्यांनी खरेदीआधीच हे ध्यानात घ्यावं. सरसाचा वास दबावा म्हणून त्यात भीमसेनी कापूर किंवा तसंच एखादं सुगंधी द्रव्य घालतात. जपानमधलं नारा हे शहर या धंद्याचं माहेरघर. तिथली कोबाइएन ही पेढी 1577 पासून कांड्या बनवते. मातीच्या पणत्यांत तेल जाळायचं, वरच्या झाकणावर धरलेली काजळी खरवडायची, सरसात हातापायांनी मळायची, लाकडी साच्यात दाबायची, आणि मग लाकडाच्या राखेत पुरून हळूहळू ओल काढून घ्यायची. राखेतून निघालेल्या कांड्या गवताच्या दोरीला बांधून आणखी बरेच दिवस टांगून ठेवतात. हे सगळं थंडीच्या महिन्यांत चालतं, कारण उन्हाळ्यात सरस नासतो. इतक्या सावकाश वाळलेल्या वस्तूला एकदम ओल आणि एकदम ऊन, दोन्ही सोसत नाही. कांडीला तडे गेल्याची तक्रार करणाऱ्याने ती भिजत ठेवलेली असते, नाहीतर खिडकीत वाळत घातलेली असते.

दगडाचे दोन भाग असतात. सपाट भागावर उगाळायचं, आणि एका टोकाच्या खोलगट भागात तयार शाई साठवायची. जपानीत यांना जमीन आणि समुद्र या अर्थाचे शब्द आहेत, ओका आणि उमी. सपाट भाग हाताला गुळगुळीत लागला तरी त्यावर अतिशय बारीक दाते असतात, आणि कांडी झिजते ती या दात्यांवर. सहाणेवर चंदन उगाळलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना यापुढे समजावून सांगायची गरज नाही.

चित्राला बसण्याआधी हाताला असलं काम लावण्याची रीत फार जुनी आहे. अकराव्या शतकातला चिनी निसर्गचित्रकार क्वो शी याच्याबद्दल त्याच्या मुलाने लिहून ठेवलं आहे की चित्राच्या दिवशी तो उजेडाच्या खिडकीशी, स्वच्छ मेजापाशी बसे, दोन्ही बाजूंना धूप लावी, हात धुई, शाईचा दगड धुई, जणू कोणी मोठा पाहुणाच यायचा आहे. मन ठिकाणावर आलं की मगच कुंचला हातात घेई. यातली गंमत अशी की मन ठिकाणावर आणायला तो नुसता डोळे मिटून बसत नाही. धुणं, पुसणं, मांडणं अशी बारीकसारीक कामं काढतो. स्फूर्तीची वाट पाहत खुर्चीत बसणाऱ्यांनी हे वर्णन दोनदा वाचावं.

आता प्रत्यक्ष उगाळणं. संचातली खरी परीक्षा इथेच होते.

पाणी आधी मोजून घ्या. पोस्टकार्डाच्या आकाराची चार-सहा रेखाटनं करायची तर तीन मिलिलिटर पुरतं, म्हणजे ड्रॉपरचे साधारण साठ थेंब. हे साठ थेंब एका वाटीत बाजूला काढा आणि त्यापलीकडे पाण्याला हात लावू नका. का ते पुढे येईल. त्यातले वीस थेंब दगडाच्या सपाट भागावर सोडा. दगडाखाली ओलं फडकं घडी करून ठेवा, नाहीतर तो सरकतो आणि त्याला धरून ठेवण्यातच दुसरा हात अडकतो. कांडी टोकापासून जरा वर, तीन बोटांत धरा. उभी धरली तरी चालते, थोडी तिरकी धरली तरी चालते. तिरकी धरणाऱ्याने मधूनमधून बाजू पालटावी, म्हणजे टोक दोन्हीकडून सारखं झिजतं. गोल फिरवा किंवा मागेपुढे घासा. सेकंदाला एक फेरी, त्याहून वेगात नाही. दाब कांडीच्या वजनापेक्षा थोडासाच जास्त. शाई आजाऱ्याच्या हाताने उगाळावी आणि कुंचला पहिलवानाच्या हाताने धरावा, अशा अर्थाची एक चिनी म्हण आहे. तिचा पहिला भाग नवशिक्यांना पटत नाही. ते दाबून घासतात, शाई लवकर काळी झालेली दिसते, आणि कागदावर मात्र ती खरबरीत, निस्तेज येते. जोराने घासलं की काजळीचे मोठे कण सुटतात. हलक्या हाताने बारीक कण सुटतात, आणि पाणी घालून छटा काढायच्या तर बारीकच हवेत.

पहिल्या वीस थेंबांत आवाज येतो. बारीक, कोरडा, कागदावर पेन्सिल घासल्यासारखा. पाणी अर्ध्या मिनिटात राखाडी होतं. या टप्प्यात डोकं अजिबात शांत नसतं, आणि ते शांत व्हावं अशी अपेक्षाही ठेवू नये. राहिलेले फोन, द्यायचे पैसे, कालचं भांडण, सगळं वर येतं. शेजारी एक कागद-पेन्सिल ठेवा, आठवलेलं काम दोन शब्दांत टिपा आणि पुन्हा कांडी उचला. तीन-चार मिनिटांनी आवाज बदलतो. खरखर कमी होत होत जवळपास नाहीशी होते, कांडीला किंचित चिकट ओढ जाणवते, आणि कांडी फिरून गेल्यावर तिच्या मागे दगड क्षणभर उघडा दिसतो, मग शाई सावकाश येऊन ती वाट बुजवते. पाणी असताना ही वाट दिसतच नाही. ती दिसायला लागली की पहिला हप्ता झाला. तो कांडीनेच खोलगट भागात ढकला आणि पुढचे वीस थेंब घ्या.

दुसऱ्या हप्त्याला हात आपोआप चालू लागतो. वास येतो तो याच सुमाराला. कांडी ओली होऊन थोडी झिजली की कापरासारखा थंड वास सुटतो, आणि आमच्या मते या संचातली सर्वात कामाची गोष्ट हीच आहे. रोज त्याच वासानंतर चित्र सुरू होत गेलं की दोन-तीन आठवड्यांत वास आणि काम यांची गाठ पडते. ती टिकवायची असेल तर एक पथ्य पाळा : चित्र काढायचं नसताना कांडी उगाचच हुंगू नका, आणि पाहुण्यांना दाखवायला म्हणून उगाळूही नका.

तिसऱ्या हप्त्यात बघायचं ते चित्राच्या विषयाकडे. पान, वाटी, हातातला फोटो, जे काढायचं ते समोर मांडलेलं असावं. इथे एक चूक इतक्यांदा होते की ती ठळकपणे सांगायला हवी. माणसं शाई आधी उगाळतात आणि ‘आता काय काढू?’ हे नंतर ठरवायला बसतात. शाई तयार आहे, दगडावर सुकते आहे, आणि विषय नाही. मग उगाळण्याने आलेली स्वस्थता दोन मिनिटांत उडून जाते आणि उलट घाईच लागते. विषय पाणी मोजण्याआधी ठरलेला हवा, शक्यतो आदल्या दिवशी. उगाळताना मांडणीचा विचार आला तर येऊ द्या, पण निर्णय घेऊ नका, रेघ कुठून सुरू करायची हेही ठरवू नका. डोळे वस्तूवर, हात दगडावर, एवढंच.

साठ थेंब संपले की थांबायचं. पाणी मोजून घ्यायचं ते यासाठी. उगाळणं सुखाचं असतं आणि चित्र काढणं जोखमीचं; म्हणून काही जण उगाळतच राहतात. आणखी थोडं पाणी, आणखी थोडी दाट, मग कुंचले धुणं, मग कागद कापणं. तयारीच्या नावाखाली काम टाळण्याला कलाकाराइतकं कोणी सरावलेलं नसतं, आणि हा संच त्याला नवं निमित्त पुरवू शकतो. घड्याळाचा गजर लावून हे आवरता येतं, पण गजर वाजला की दचकायला होतं आणि साधलेलं सगळं विस्कटतं. वाटीतलं पाणी संपतं तेव्हा कसलाच आवाज होत नाही.

शाई तयार झाल्यावर लगेच चांगल्या कागदाला हात घालू नये. तीन स्वस्त कागद हाताशी ठेवा. पहिल्यावर खांद्यापासून हात फिरवून लांब रेघा, नुसत्या. दुसऱ्यावर छटा : पांढऱ्या बशीत एकेक थेंब शाई घेऊन त्यात दोन, पाच, दहा, वीस थेंब पाणी मिसळा आणि मूळ शाई धरून पाच पट्टे ओढा. त्यातले दोन पट्टे सारखेच दिसले तर शाई नीट उगाळली गेलेली नाही, किंवा कागद फार शोषतोय. तिसऱ्यावर समोरची वस्तू एका मिनिटात, शक्यतो कुंचला न उचलता. हे तिन्ही कागद टाकून द्यायचे आहेत हे आधीच ठरलेलं असल्यामुळे त्यांच्यावर काही बिघडत नाही, आणि काही बिघडणार नाही हे हाताला एकदा कळलं की चौथ्या कागदावर तो मोकळा चालतो. जपानी चित्रकार होकुसाईने 1842-43 मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, रोज सकाळी शाईने एक सिंह काढण्याचा नेम धरला होता. ती दोनशेहून जास्त रेखाटनं आज मागे उरली आहेत. एवढ्या मुरलेल्या हातालाही रोजचं असं एक चित्र लागत होतं, तर बाकीच्यांनी तीन कागदांचा हिशोब करू नये.

आता खरेदीबद्दल. कांडी आणि दगड यांत पैसे कुठे घालायचे असा प्रश्न असेल तर दगडात. साधी कांडी चांगल्या दगडावर नीट उतरते. उत्तम कांडी वाईट दगडावर वायाच जाते.

सर्वात जास्त खपतात ते भेटवस्तूंच्या पेटीतले संच : आत रेशमी अस्तर, ड्रॅगन कोरलेला दगड, सोनेरी अक्षरांची कांडी, एक शिक्का, एक चिमुकला चमचा. दिसायला देखणे, आणि चित्रासाठी जवळपास निरुपयोगी. कोरीवकामाला सोपा पडावा म्हणून दगड मऊ निवडलेला असतो, किंवा तो दगड नसून दगडाची भुकटी घातलेलं रेझिन असतं. असल्या पृष्ठभागावर कांडी घसरते. वीस मिनिटं घासूनही पाणी राखाडीच राहतं, मनगट दुखतं, चिडचिड होते. मन शांत करायला घेतलेल्या वस्तूने उलट डोकं फिरवलं, अशा तक्रारींच्या मुळाशी बहुधा असाच दगड असतो. शाळकरी मुलांसाठीचे रेझिनचे हलके दगड बाटलीतली शाई ओतून वापरायला ठीक आहेत, उगाळायला नाहीत.

नैसर्गिक दगडात चीनचे दुआन आणि शे हे सर्वात नावाजलेले. दुआन ग्वांगदोंग प्रांतातल्या झाओचिंग भागातला, शे जुन्या शेझोउ भागातला. संग्राहकांचं जग वेगळं आहे, त्यात शिरू नये. नक्षी नसलेला, साधा आयताकृती, तेरा ते पंधरा सेंटिमीटर लांबीचा, हातात घेतल्यावर वजन जाणवेल असा दगड पुरे. दुकानात पारख करायची तर परवानगी घेऊन चार थेंब पाणी टाका आणि कांडी अर्धा मिनिट फिरवा. पाणी राखाडी व्हायला हवं, आणि कांडी फिरताना बारीकशी पकड लागायला हवी. काचेवर फिरल्यासारखं वाटलं तर तो दगड घेऊ नका. उलट बाजूनेही चूक होते : फार खरबरीत दगड दोन मिनिटांत काळी शाई देतो, पण ती रवाळ असते आणि पाणी घातल्यावर कडांना ठिपके सोडते. शिवाय दोन मिनिटांत उरकलं तर ज्या पंधरा मिनिटांसाठी हा खटाटोप करायचा तीच हातून जातात.

कांडीचे मुख्य प्रकार दोन. तेलाच्या काजळीची कांडी उबदार, किंचित तपकिरी झाक असलेला दाट काळा रंग देते. पाइनच्या लाकडाच्या काजळीची शाई पातळ केल्यावर निळसर राखाडी होते. धुकं, पाणी, लांबचे डोंगर यांना ती शोभते. सुरुवातीला तेलाची घ्या, तिच्या छटा ओळखायला सोप्या. जपानी कांड्यांवर वजनाचं एक माप असतं, त्याचा एक एकक म्हणजे 15 ग्रॅम. रोज थोडी उगाळणाऱ्याला एवढीशी कांडीही बरेच महिने जाते. लेबलावर काजळीचा प्रकार लिहिलेलाच नसेल, वास उग्र अत्तरासारखा असेल आणि ओलं बोट लावताच रंग सुटत असेल, तर ती कांडी चित्राच्या कामाची नाही. जुनी कांडी चांगली म्हणतात त्यात तथ्य आहे, वर्षं गेली की सरस मुरतो आणि छटा मोकळ्या होतात. पण फारच जुन्या कांडीतला सरस दुबळा होतो, मग शाई कागदाला नीट धरत नाही. जुनी म्हणून दुप्पट मोल मोजण्याआधी हा दुसरा भागही आठवावा.

पाण्याकडे कोणी बघत नाही आणि बरेचदा घोळ तिथेच असतो. जड पाण्यातल्या क्षारांमुळे काजळीचे कण एकमेकांना चिकटतात, आणि फिकट छटेत काळे कण तरंगताना दिसतात. नळाचं पाणी जड असेल तर उकळून, गाळून, निववून घ्या, किंवा सरळ डिस्टिल्ड वॉटर वापरा. तीन मिलिलिटरच तर लागतं. पाण्याचं तापमान वीस ते पंचवीस अंश सेल्सिअस असावं. गार पाण्यात आणि गारठलेल्या खोलीत सरस घट्ट होऊ लागतो, शाई जेलीसारखी सुस्त होते. लवकर व्हावी म्हणून गरम पाणी घालणाऱ्यांच्या कांडीचं टोक मऊ पडून त्याचे गोळे सुटतात. आणि शाईच्या बाबतीत घाई करायचीच असेल तर बाटली काय वाईट आहे?

बाटलीवर खरंच आमचा राग नाही. रोज तीन चित्रं मुदतीत देणाऱ्याला दर वेळी पंधरा मिनिटं परवडत नाहीत. त्याच्यासाठी मधला मार्ग आहे : बाटलीतली थोडी शाई दगडावर ओतायची आणि त्यात कांडी दोन-तीन मिनिटं फिरवायची. शाईला दाटपणा आणि वास येतो, हाताला थोडी उसंत मिळते. फक्त बाटलीतली शाई सरसाची असली पाहिजे. कृत्रिम रेझिनची असेल तर ती दगडावर सुकून दाते कायमचे बुजवते. बाजारात शाई उगाळणारी विजेची यंत्रंही आहेत, कांडी पकडीत बसवली की आपोआप फिरते. मोठ्या आकारात सुलेखन करणाऱ्यांना, किंवा मनगटाचं दुखणं असणाऱ्यांना ती वरदान आहेत. शाई उत्तम होते, मन मात्र जिथल्या तिथे.

दुसऱ्या उपायांशी तुलना करायची तर चालण्याशी करावी लागेल. 2014 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चालताना आणि चालून आल्यावर लोकांना बसून असतानापेक्षा जास्त नवनव्या कल्पना सुचल्या. पण ज्या कोड्याला एकच बरोबर उत्तर असतं तिथे चालण्याचा फायदा दिसला नाही. आमचा निष्कर्ष असा : विषयच सुचत नसेल तर फिरायला जा, विषय आहे पण हात उठत नाही तर दगड काढा. संगीत लावून बसणं सोपं, पण शब्द असलेलं गाणं अर्धं लक्ष खातं. चेलोवादक पाब्लो कासाल्स दिवसाची सुरुवात पियानोवर बाखच्या दोन रचना वाजवून करत असे. पियानोवर, स्वतःच्या वाद्यावर नव्हे, हे त्यातलं मर्म. जिथे नाव पणाला लागलेलं नाही अशा जागी हात आधी तापवायचा. कांडी उगाळताना तरी दुसरं काय होतं?

इतर माध्यमांतल्यांनी ही कांडी उगीच विकत घेऊ नये. तैलरंग वापरणाऱ्याला काचेच्या पाटावर कोरडा रंग आणि जवसाचं तेल काचेच्या बत्त्याने घोटण्यात तेच सगळं मिळतं. कोळशाने किंवा पेन्सिलीने काढणाऱ्याने पाच-सहा पेन्सिली पात्याने तासाव्यात, यंत्रात घालून नाही. गाणाऱ्याचा तानपुरा जुळवण्याचा वेळही याच जातीचा. फाउंटन पेनवाल्यांना मात्र एक सक्त सूचना : उगाळलेली शाई पेनात भरू नका. काजळी आणि सरस पेनाच्या नळीत सुकतात आणि पेन कायमचं जातं. बोरूने किंवा टाकाने काढायचं असेल तर चालते, दर दहा मिनिटांनी टाक पाण्यात बुडवून पुसा म्हणजे झालं. आणि वर जलरंग चढवायचा विचार असेल तर शाईला किमान एक दिवस वाळू द्या. घाई केली की काळं पसरतं.

उरलेली शाई दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवायचा मोह होतो. तो आवरा. रात्रीतून सरस नासू लागतो, वास येतो, कण एकत्र येतात आणि कुंचल्याच्या मुळाशी अडकतात. शिळ्या शाईच्या फुटलेल्या कडा मुद्दाम वापरणारे चित्रकार आहेत, पण ते काय करताहेत हे त्यांना ठाऊक असतं. शिवाय तयार शाई समोर असली की दुसऱ्या दिवशी उगाळणं टळतं. उरलेल्या शाईने स्वस्त कागदावर मोठाल्या रेघा मारून ती संपवा.

धुण्याचं काम त्याच दिवशी व्हायला हवं. कांडी दगडावर उभी ठेवून चहाला गेलात तर ती तिथेच चिकटते; ओढून काढताना दगडाचा टवका निघतो, नाहीतर कांडी मोडते. काम झालं की तिचं ओलं टोक कागदाने टिपा आणि सावलीत आडवी ठेवा. पेटीत घालायची ती पूर्ण वाळल्यावरच. दगड साध्या पाण्याखाली मऊ स्पंजने धुवा. साबण नको, तारेची घासणी नको, कढत पाणी तर नकोच, त्याने तडा जाऊ शकतो. बोट फिरवून काळं येईनासं झालं की धुऊन झालं. शाई एकदा सुकून बसली की सरस दात्यांत भरतो, दगड दर वेळी थोडा जास्त घसरू लागतो, आणि पंधरा मिनिटांचं काम वर्षभरात पंचवीस मिनिटांवर जातं. वापरणाऱ्याला वाटतं कांडी खराब लागली. तसं झालं तर दगड टाकू नका. 1000 च्या आसपासचा ओला पॉलिश पेपर किंवा यासाठीच मिळणारा मऊ घासदगड घ्या, पाणी लावून सपाट भागावर हलक्या हाताने मिनिटभर गोल फिरवा, गढूळ पाणी धुऊन टाका आणि कांडीने पकड तपासा. एका वेळी थोडंच घासा, कमी पडलं तर पुन्हा करता येतं.

कांडी झिजून दोन सेंटिमीटरवर आली की बोटांत धरवत नाही आणि नखं दगडाला लागतात. तो तुकडाही कामाचा आहे. त्याच जातीच्या नव्या कांडीचं टोक आणि या तुकड्याचं टोक ओलं करा, दोन्हींवर अगदी दाट उगाळलेली शाई लावा, एकमेकांवर दाबा, दोऱ्याने घट्ट बांधा आणि आठवडाभर सावलीत राहू द्या. शाईतला सरसच त्यांना जोडून टाकतो. नंतर दोरा काढा आणि उगाळायला सुरुवात जुन्या तुकड्याच्या बाजूने करा.